पाकिटावरचं चित्र आणि मांजराचं यकृत

कुत्र्याच्या मानेवर लावायच्या गोचीडनाशकाची छोटी नळी आणि मांजराच्या मानेवर लावायची नळी पेट शॉपमध्ये बहुतेक वेळा शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात. आकार तोच, रंगसंगती जवळपास तीच, फरक चित्रातल्या प्राण्याचा. घरात दोन्ही प्राणी असले आणि कुत्र्याच्या नळीत चार थेंब उरले, की ते मांजराला लावून टाकावेत असं कुणालाही वाटेल. आपल्याकडे काही वाया घालवायची पद्धत नाही. पण त्या नळीत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल, तर काही तासांतच मांजराचे कान फडफडायला लागतात, मग अंगभर थरकाप, मग झटके. वेळेवर उपचार झाले नाहीत तर मांजर दगावतं. तेच औषध कुत्र्याच्या अंगावर महिनाभर निर्धोक बसलेलं असतं.

हा फरक वजनाचा नाही. चार किलोचं पॉमेरेनियन आणि चार किलोचा बोका घेतला तरी तो राहतोच. त्याचं मूळ यकृतात आहे.

औषधं, कीटकनाशकं, झाडपाल्यातली कडू-तिखट द्रव्यं यांतली बरीचशी तेलात विरघळणारी असतात. तेलकट भांडं नुसत्या पाण्यानं निघत नाही, तशी ही द्रव्यं लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत. म्हणून यकृत त्यांना ग्लुकुरॉनिक आम्लाचा रेणू जोडून देतं. मग ती पाण्यात विरघळू लागतात आणि लघवी किंवा पित्तावाटे शरीर सोडतात. ही जोडणी करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, अनेक आहेत. त्यांतल्या यूजीटी१ए६ नावाच्या एका विकराचं जनुक मांजरात मोडकं आहे, असं २००० साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. जनुक जागेवर आहे, पण त्यात इतके बिघाड साचलेत की त्यातून कामाचं विकर तयारच होत नाही. पुढे २०११ मध्ये मार्जारकुळातले इतर प्राणीही तपासले गेले. तपासलेल्या प्रत्येक जातीत हे जनुक निकामी निघालं. मनीला आपण वाघाची मावशी म्हणतो, ते नातं असं यकृतापर्यंत पोचतं. तपकिरी तरस आणि एलिफंट सील या दोन पक्क्या मांसाहाऱ्यांतही तोच प्रकार आढळला. यावरून तर्क असा, की लाखो वर्षं निव्वळ मांसावर जगलेल्या प्राण्यांना वनस्पतींतली विषं निस्तरायची गरज फारशी पडलीच नाही, आणि ते जनुक बिघडलं तरी कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते माणसाच्या घरात आल्यावर.

पॅरासिटामॉलचं उदाहरण सगळ्यांत ठळक. मांजर मलूल दिसलं, अंग गरम लागलं, म्हणून मायेपोटी दिलेली ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. यकृताला ती वेळेत निकाली काढता येत नाही, आणि तिच्यापासून तयार होणारी घातक द्रव्यं रक्तातल्या हिमोग्लोबिनवर तुटून पडतात. मांजराचं हिमोग्लोबिन तर आणखी नाजूक. माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत अशा हल्ल्याला बळी पडणारे गंधकयुक्त गट दोन असतात, कुत्र्याच्या चार, मांजराच्या आठ. रक्त चॉकलेटी पडतं, हिरड्यांचा गुलाबीपणा जाऊन त्या मातकट दिसतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा, पण तो तासांच्या हिशेबात द्यावा लागतो.

कुत्रेवाल्यांनी यावर निवांत होऊ नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या आपल्या रोजच्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. डायक्लोफेनॅकनं तर या देशातली गिधाडं जवळपास संपवली. गुरांना ते टोचलं जायचं आणि मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. जनावरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. माणसाला चालतं म्हणून प्राण्याला चालेल, या समजाची इतकी मोठी किंमत दुसरीकडे क्वचितच मोजली गेली असेल.

मांजराच्या या अडचणीत घरातलं फिनाईलही मोडतं, आणि ते प्राण्यांच्या औषधांच्या कपाटात नसल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉलवर्गीय द्रव्यं असतात, आणि त्यांच्या निचऱ्याचा मुख्य रस्ता म्हणजे तीच ग्लुकुरॉनिक आम्लाची जोडणी. मांजर काही बादलीतलं पाणी प्यायला जात नाही. ते ओल्या फरशीवरून चालतं, खिडकीत जाऊन बसतं आणि पंजे चाटून स्वच्छ करतं. एक ढोबळ खूण उपयोगी पडते: पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं कुठलंही जंतुनाशक मांजराच्या वाटेवर, त्याच्या भांड्यांना, जखमेला वापरू नका. पाण्यात पांढरी न होणारी, सुगंधी, रंगीत फरशीची द्रवंही सरसकट निर्धोक नसतात. अनेकांत बेंझालकोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असतं, आणि ते चाटून मांजराच्या जिभेवर व्रण उठतात. बाटलीवर लिहिलंय तितकंच पातळ करणं, फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवणं, एवढ्यानं बराच धोका टळतो.

आता ‘हर्बल’ या हिरव्या शिक्क्याबद्दल. परमेथ्रिनचं मूळ पाहिलं तर ते एका फुलात आहे. शेवंतीच्या जवळच्या नात्यातल्या एका झाडाची वाळलेली फुलं कीटकांना मारतात. त्या द्रव्याची नक्कल करून प्रयोगशाळेत पायरेथ्रॉइड गटाची रसायनं बनली, आणि परमेथ्रिन त्यांतलंच. वनस्पती स्वतःच्या बचावासाठी विष बनवतात, आपल्या आरोग्यासाठी नाही. टी ट्री तेलाचे निव्वळ थेंब कातडीवर लावल्यानं कुत्र्या-मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. कापूर, निलगिरी यांचंही तेच. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहून आत काय, किती टक्के, हे न सांगणारी बाटली मी तरी फळीवर परत ठेवतो. जाता जाता: घरात फिश टँक असेल तर पायरेथ्रॉइडचा फवारा त्या खोलीत मारू नका. मासे याबाबतीत मांजराहूनही नाजूक.

गोचिडांकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त पैसा आणि सगळ्यांत जास्त वैताग तिथेच जातो. आपल्याकडे कुत्र्यांवर प्रामुख्यानं तपकिरी गोचीड असते. तिची खोड अशी की ती कुत्र्यावर राहत नाही, कुत्र्यावर फक्त जेवायला येते. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू कुत्र्यावर चढून रक्त पितं, गळून पडतं, कुठंतरी फटीत बसून कात टाकतं. पुढच्या अवस्थेत पुन्हा तेच. शेवटी मादी टम्म फुगून खाली उतरते आणि भिंत चढू लागते. पडद्यामागे, फोटोफ्रेमच्या पाठीमागे, दाराच्या चौकटीच्या सांध्यात, खाटेच्या पट्टीखाली शोधा. मोहरीहूनही बारीक तपकिरी अंड्यांचा ढीग सापडेल, हजारोंच्या संख्येत. तिच्या आयुष्याचा जवळपास ९५ टक्के भाग कुत्र्यापासून दूर जातो. कुत्र्याला उत्तमातलं उत्तम औषध लावूनही पंधरा दिवसांत गोचिडी परत दिसतात आणि मालक म्हणतात, औषध बोगस निघालं. औषध बोगस नसतं, भिंतीतली पुढची तुकडी भुकेली झालेली असते. म्हणून पहिल्याच महिन्यात हात टेकू नयेत. फटी लिंपाव्यात, अंथरूण गरम पाण्यात धुवावं, आणि औषध सलग काही महिने चालू ठेवावं.

त्या औषधांचे दोन मुख्य प्रकार. फिप्रोनिलसारखे थेंब कातडीवर पडले की तिथल्या नैसर्गिक तेलात मिसळून अंगभर पसरतात आणि केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींत साठून राहतात. तिथून ते थोडे थोडे बाहेर येत राहतात, म्हणूनच एक नळी महिनाभर पुरते. हे समजलं की वापराच्या सूचना आपोआप पटतात. केस दुभागून थेंब कातडीवर सोडायचे, केसांवर नाही. जागा दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं जीभ पोचत नाही. आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नाही, कारण शांपूनं तेलच निघून गेलं तर औषध पसरणार कशावर? चकचकीत दिसावा म्हणून आधी कुत्र्याला घसघसून आंघोळ घालणारे आणि ओल्या अंगावर थेंब सोडणारे पैसे पाण्यात घालतात. फिप्रोनिल सशाला मात्र कधीच लावू नये, त्याला ते घातक आहे.

दुसरा प्रकार चघळायच्या गोळ्यांचा. फ्लुरालानर, अफोक्सोलानर ही त्यांतली नावं. औषध रक्तात फिरतं, गोचीड चावली की तिच्या मज्जासंस्थेत शिरतं. कीटकांच्या आणि गोचिडींच्या मज्जापेशींवरच्या ज्या रचनेला ते चिकटतं, तिला कुत्र्याच्या पेशींवर ते इतकं सहज पकडत नाही, म्हणून तोच डोस कुत्र्याला सोसतो. तरी काही कुत्र्यांना झटके आल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये या गटाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. तुमच्या कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी. शिवाय या प्रकारात मरण्यासाठी गोचिडीनं चावावं लागतं, आणि एर्लिकिया हा टिक फिवरचा, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या तापाचा, जंतू चावल्यावर काही तासांतच अंगात उतरू शकतो. गोळी चालू आहे म्हणून नाकातून रक्त, सुस्ती, फिक्या हिरड्या या त्याच्या लक्षणांकडे काणाडोळा करू नये. रॉकेलचा बोळा आणि जळती काडी हे दोन गावठी उपाय तर आता बंदच व्हावेत. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढलेली गोचीड निमूट सुटते.

हे सगळं विकत घेताना पाकिटावर काय पाहायचं? भारतात प्राण्यांच्या औषधांवर ‘माणसांच्या वापरासाठी नाही, फक्त प्राण्यांच्या उपचारासाठी’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चिन्ह छापणं नियमानं बंधनकारक आहे. सोबत परवाना क्रमांक, बॅच, मुदत, आणि घटकाचं नाव टक्केवारीसह. म्हणजे औषधाच्या बाबतीत वाचायला निदान काहीतरी असतं. शांपू, परफ्यूम, कंडिशनर यांचं तसं नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातली प्रसाधनाची व्याख्याच मानवी शरीरापुरती आहे. कुत्र्याचा शांपू तिच्यात बसत नाही. त्यामुळे पाकिटाच्या पुढच्या बाजूवर ‘व्हेट अप्रूव्ह्ड’ छापलेलं दिसलं तर कोणत्या व्हेटनं, असा प्रश्न मनात यायला हरकत नाही.

शांपूबद्दल ‘पीएच बॅलन्स्ड’ हे शब्द फार मिरवले जातात. त्यात तथ्य आहे, पण जाहिरातीत दिसतं तेवढं नाही. माणसाची कातडी आम्लधर्मी, पीएच (आम्लता मोजणारा आकडा, सात म्हणजे उदासीन) साधारण ५.५. कुत्र्याची उदासीनतेच्या जवळ, सात-साडेसातपर्यंत जाणारी; मात्र जात, वय आणि शरीराचा भाग यांनुसार ती इतकी बदलते की एकाच आकड्याशी ‘बॅलन्स’ साधणार कसा, हे मला कळत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट कातडीच्या जाडीची. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे दहा-पंधरा थर असतात, कुत्र्याच्या तीन ते पाच. आपला कडक साबण त्याला लवकर लागतो. दर रविवारी आंघोळ घालायचा हट्ट सोडला तर अर्ध्या तक्रारी कमी होतात. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत बुरशी वाढून कुत्र्याला आंबूस वास येतो, तेव्हा क्लोरहेक्सिडिनचा औषधी शांपू खरंच कामाचा. पण तो अंगावर दहा मिनिटं मुरू द्यावा लागतो. लगेच धुतला तर तो नुसता महागडा साबण. आणि नंतर कातडी कोरडी करणं, विशेषतः बोटांच्या बेचक्यांत.

दातांसाठी आपली टूथपेस्ट नको. कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो. फ्लोराइड नको ते आहेच, पण खरी भीती झायलिटॉल या गोडव्याची. माणसाला निरुपद्रवी असलेलं हे द्रव्य कुत्र्याच्या स्वादुपिंडाला साखरेसारखं भासतं. इन्शुलिनचा लोंढा येतो आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. शुगर-फ्री च्युइंगमच्या पाकिटातही तेच असू शकतं. कॅल्शियमच्या बाटल्या, चमकदार केसांसाठीची तेलं, ‘इम्युनिटी’चे चूर्ण यांवर वेगळं लिहावं असं काही नाही, चांगलं जेवण मिळणाऱ्या प्राण्याला त्यांतलं बहुतेक लागत नाही.

चुकीचं औषध अंगावर पडलंच, तर कोमट पाणी आणि भांड्यांचा पातळ साबण घेऊन ते लगेच धुऊन काढा आणि चाटू देऊ नका. पोटात गेलं असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका. त्या मिठाचीच विषबाधा होते. दवाखान्यात जाताना नळी, बाटली किंवा गोळीचं पाकीट सोबत घ्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो तो घटकाचा, दुसरा टक्केवारीचा, तिसरा किती वाजता.