आफ्रिकन सिक्लिड : टाकीच्या आकारानुसार निवड

पूर्व आफ्रिकेतील मालावी, टांगानिका व व्हिक्टोरिया या सरोवरांतील सिक्लिड कुलाच्या शोभिवंत माशांची घरगुती टाकीसाठी केली जाणारी निवड. पश्चिम आफ्रिकेतील क्रिबेन्सिस याच कुलातला, परंतु मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यातला. त्याचा येथे विचार केलेला नाही. उजनीहून पुण्याच्या मासळी बाजारात येणारी चिलापी (तिलापिया) हीदेखील मूळची आफ्रिकन सिक्लिडच. भारतात तिलापिया १९५२ मध्ये आणली गेली.

सरोवरांच्या वयाबद्दल, विशेषतः व्हिक्टोरियाबद्दल, मतभेद आहेत. टांगानिका सुमारे ९० लाख ते १ कोटी २० लाख वर्षे जुने मानले जाते. व्हिक्टोरिया मात्र साधारण १५,००० वर्षांपूर्वी कोरडे पडले होते, असे तळगाळाच्या नमुन्यांवरून १९९६ मध्ये मांडण्यात आले. तसे असेल, तर तेथील पाचशेच्या आसपास जाती त्यानंतरच्या अल्पकाळात निर्माण झाल्या असे म्हणावे लागते. सिक्लिडांचे अभ्यासक जेफ्री फ्रायर यांनी सरोवर पूर्ण कोरडे पडल्याचे अमान्य केले. २००३ मधील जनुकीय अभ्यासाने या माशांचे मूळ व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडील किवू सरोवराकडे दाखविले. २०१७ मधील अभ्यासाने सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी दोन भिन्न वंशांचा संकर झाला असावा, असे सुचविले. भूवैज्ञानिक पुरावा सरोवर आटल्याच्या बाजूने अधिक झुकतो, आणि संकराची कल्पना त्याच्याशी जुळते : संकरित पूर्वजांत विविधता आधीच साठलेली असेल, तर अल्पकाळ पुरतो. पाळणाऱ्याच्या दृष्टीने यातील मुद्दा एवढाच की, या जाती एकमेकींपासून फार दुरावलेल्या नाहीत. एका टाकीत जवळच्या दोन जाती ठेवल्यास मिश्र पिले होतात. ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिलांची जात म्हणूनच खात्रीने सांगता येत नाही, आणि जात कळल्याशिवाय मासा किती वाढेल हेही कळत नाही.

पुण्यात टाकी फुटांत मागितली जाते. २×१×१ फुटांच्या टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते, ४×१.५×१.५ फुटांच्या टाकीत २५५ लिटर. दगड-वाळूमुळे प्रत्यक्षात कमीच. मात्र निवड लिटरवर ठरत नाही; नर आपला इलाका तळावर आखतो, त्यामुळे लांबी-रुंदी महत्त्वाची. फ्लॅटच्या कोपऱ्यासाठी घेतलेली उंच, अरुंद टाकी या माशांना जवळजवळ निरुपयोगी होय.

दोन फुटीत टांगानिकाचे शंखवासी मासे ठेवावेत. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटसचा नर जेमतेम साडेचार सेंमी. भरतो. तो शंखाभोवतीची वाळू तोंडाने उपसतो. धोका दिसताच कळपातला जो तो आपापल्या शंखात शिरतो. गोड्या पाण्यातील गोगलगायींचे रिकामे शंख उकळून घेतले तरी चालतात. तीन ते चार फुटीत मालावीचे खडकवासी (म्बुना) येतात : पिवळा लॅबिडोक्रोमिस सेरुलियस (सुमारे १० सेंमी.) तुलनेने शांत, डेमासोनी (सुमारे ८ सेंमी.) लहान, पण भांडखोर, म्हणून डझनभर एकत्र ठेवतात, म्हणजे मार एकाच माशावर पडत नाही. अशी दाटी करण्याबद्दल पाळणाऱ्यांत दोन मते आहेत. गाळणयंत्रणा तगडी नसेल तर ती न केलेली बरी. ऑरेटस दिसायला देखणा, परंतु नवख्यांनी टाळावा. पीकॉकना (ऑलोनोकारा) चार फूट हवेत. व्हेनुस्टस (सुमारे २५ सेंमी.) व फ्रंटोसा (३० सेंमी. व अधिक) दुकानात दोन इंचांचे असतात, तरी त्यांना सहा फुटांहून कमी टाकी देऊ नये.

मालावीच्या पाण्याचा सामू (pH) साधारण ७.७ ते ८.६, टांगानिकाचा सुमारे ९. खडकवासल्याकडून येणाऱ्या नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे लागते. बेसाल्टमधल्या बोअरचे पाणी बहुधा जड (क्षारयुक्त) असते व या माशांना मानवते. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतो. चार फुटी टाकीत पाण्याचेच वजन अडीचशे किलोच्या घरात जाते. जुन्या वाड्यांच्या माडीवर ती ठेवू नये.