रूट केलेल्या फोनच्या हॉटस्पॉटचा मॅक अ‍ॅड्रेस बदलणे

रूट केलेल्या, म्हणजे प्रणालीचे सर्वाधिकार मिळवलेल्या, अँड्रॉइड फोनवरून वायफाय हॉटस्पॉट चालवताना तो ज्या मॅक अ‍ॅड्रेसने, म्हणजे जाळ्यातल्या ओळखपत्त्याने, इतर उपकरणांना दिसतो, तो काढून त्या जागी दुसरा बसवण्याची ही क्रिया. हॉटस्पॉट चालू असेपर्यंत फोन हाच राउटर असतो, आणि त्याच्या हवेतल्या प्रत्येक पॅकेटवर हा पत्ता असतो. बीएसएसआयडी म्हणतात तो हाच. मॅक अ‍ॅड्रेस चिपमध्ये कोरलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. फोनच्या बाबतीत तो बहुधा खरा नसतो. पत्ता एखाद्या छोट्या फाइलमध्ये किंवा मेमरीच्या राखीव भागात लिहिलेला असतो. ड्रायव्हर, म्हणजे चिप हाताळणारा प्रोग्राम, तो तिथून वाचतो आणि वायफाय चिपला सांगतो. मधल्या या निरोप्याला दुसरा पत्ता पढवता येतो, पण त्यासाठी त्या फाइलीपर्यंत किंवा कर्नलपर्यंत, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यापर्यंत, हात पोहोचावा लागतो, म्हणजे रूट लागते.

मॅक अ‍ॅड्रेस ४८ बिटांचा, म्हणजे सहा बाइटांचा असतो, आणि षोडशमान पद्धतीने (० ते ९ आणि ए ते एफ) बारा अंकांत लिहितात. पहिले तीन बाइट आयट्रिपलई ही संस्था उत्पादकाला नेमून देते, उरलेले तीन उत्पादक स्वतः वाटतो. पहिल्या बाइटचे शेवटचे दोन बिट मात्र विशेष कामाचे. अगदी शेवटचा बिट १ असेल तर तो पत्ता एका उपकरणाचा राहत नाही, समूहाचा होतो. त्याच्या अलीकडचा बिट १ असेल तर पत्ता आयट्रिपलईने दिलेला नाही, स्थानिक पातळीवर ठरवलेला आहे, असे समजायचे. म्हणून हाताने पत्ता बनवताना दुसरा अंक २, ६, ए किंवा ई ठेवावा. ०२:११:२२:३३:४४:५५ हा पत्ता चालतो. नवखे लोक हमखास ११:२२:३३:४४:५५:६६ टाकून बघतात आणि ‘हा पत्ता देता येत नाही’ अशा अर्थाचा एरर खातात. मग रूट नीट झाले नाही म्हणून फोन पुन्हा फ्लॅश करायला, म्हणजे त्यात प्रणाली नव्याने भरायला, बसतात. दोष रूटचा नसतो. पहिला बाइट विषम आहे, म्हणजे पत्ता समूहाचा आहे, आणि असा पत्ता कर्नल कोणत्याही इंटरफेसला, म्हणजे फोनला जाळ्याशी जोडणाऱ्या दुव्याला, देत नाही.

टेदरिंग (फोनचे इंटरनेट दुसऱ्या उपकरणाला देणे) आणि रूट यांची सांगड जुनी आहे. अँड्रॉइड २.२ मध्ये, २०१० साली, हॉटस्पॉटची सोय आत आली. त्याआधी रूट करून वेगळे अ‍ॅप टाकण्यावाचून इलाज नव्हता, आणि बऱ्याच चिपांना राउटरसारखे वागताच येत नसल्याने ही अ‍ॅप्स अ‍ॅड-हॉक, म्हणजे राउटरशिवायचे थेट, जाळे उभारत. लॅपटॉप त्याला जोडला जाई. दुसरा अँड्रॉइड फोन मात्र जोडला जात नसे.

तात्पुरता बदल कागदावर सोपा आहे. टर्मिनल उघडून सुपरयूजर व्हायचे, इंटरफेस खाली घ्यायचा, नवा पत्ता द्यायचा, इंटरफेस वर आणायचा. यासाठी आयपी ही कमांड वापरतात, जुन्या फोनवर बिझीबॉक्स या कमांडसंचातली आयएफकॉन्फिग. खरी मेख इंटरफेसच्या नावात असते. वायफायने दुसऱ्या राउटरला जोडले जाताना फोन डब्ल्यूलॅन० वापरतो. हॉटस्पॉटसाठी काही फोन तोच वापरतात, तर काही डब्ल्यूलॅन१, एपी० किंवा एसडब्ल्यूलॅन० असा वेगळा इंटरफेस उभा करतात. तो हॉटस्पॉट सुरू केल्यावरच जन्माला येतो, म्हणून आधी हॉटस्पॉट चालू करून इंटरफेसांची यादी पाहावी आणि मग कामाला लागावे. अनेकांनी बदललेला पत्ता प्रत्यक्षात क्लायंट बाजूचा, म्हणजे दुसऱ्या राउटरला जोडतानाचा, असतो आणि हॉटस्पॉट जुन्याच पत्त्याने चालत राहतो. शिवाय हॉटस्पॉट बंद करून पुन्हा लावला की अँड्रॉइडची वायफाय सेवा पत्ता नव्याने लिहिते आणि केलेले सगळे पुसले जाते.

यातला एक बिघाड सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण तो दिसतो एक आणि असतो दुसराच. कमांड बिनतक्रार चालते, इंटरफेसवर नवा पत्ता दिसतो, हॉटस्पॉटचे नावही लॅपटॉपवर येते. पासवर्ड टाकला की लॅपटॉप म्हणतो, पासवर्ड चुकीचा आहे. दहादा टाकला तरी तेच. घडलेले असे असते की कर्नलने नवा पत्ता स्वीकारला, पण चिपच्या फर्मवेअरला, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्रामला, तो कळलाच नाही, किंवा कळूनही त्याने तो मानला नाही. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षा पद्धतीत जोडणीच्या वेळी चार निरोपांची देवाणघेवाण होते आणि त्यातून त्या सत्राची किल्ली तयार होते. ती बनवताना पासवर्डपासून काढलेली मूळ किल्ली आणि दोन्ही बाजूंनी निवडलेले यादृच्छिक आकडे यांच्याबरोबर दोघांचे मॅक अ‍ॅड्रेसही मिसळले जातात. फोन स्वतःचा पत्ता एक धरून हिशेब करतो, लॅपटॉपला हवेत दुसराच ऐकू येतो; दोघांच्या किल्ल्या जुळत नाहीत, आणि लॅपटॉपच्या लेखी न जुळणारी किल्ली म्हणजे चुकलेला पासवर्ड. संशय खरा करायचा तर हॉटस्पॉट क्षणभर पासवर्डशिवाय उघडा ठेवून पाहावा. तेव्हा जोडणी होऊ लागली, किंवा दुसऱ्या फोनवरच्या स्कॅनर अ‍ॅपमध्ये जुनाच पत्ता दिसला, तर फर्मवेअर ऐकत नाही असे समजावे. अशा फोनवर कमांडचा नाद सोडून मुळाशी जावे लागते.

मूळ कुठे आहे हे चिप कोणाची यावर ठरते. क्वालकॉमच्या अनेक फोनांत पर्सिस्ट विभाजनात (साठवणीच्या एका राखीव भागात) मॅक अ‍ॅड्रेसची फाइल असते, आणि तिच्यात इंटरफेस ०, इंटरफेस १ अशा वेगळ्या ओळी असतात. इथेही चुकीच्या ओळीला हात लावला तर हॉटस्पॉट जसाच्या तसा राहतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत ही माहिती ईएफएस विभाजनात असते, जिथे आयएमईआय या फोनच्या ओळखक्रमांकाशी संबंधित माहितीही असते, म्हणून आधी त्या विभाजनाची संपूर्ण प्रत घेतल्याशिवाय तिथे फिरकू नये. ब्रॉडकॉमच्या चिपांची एनव्हीरॅम (चिपच्या सेटिंगांची) फाइल साधा मजकूर असते, त्यात पत्त्याची एक ओळ. मीडियाटेकमध्ये मात्र ती बायनरी, म्हणजे मजकुरासारखी वाचता न येणारी, असते आणि हेक्स एडिटरने नेमके सहा बाइट बदलावे लागतात. ही फाइल बिघडली की वायफायच्या यादीत शेजारच्या राउटरांच्या नावांबरोबर ‘एनव्हीरॅम वॉर्निंग’ या नावाचे एक जाळे दिसू लागते. ते जाळे नसतेच. ड्रायव्हरला तक्रार सांगायला दुसरी जागा मिळालेली नसते. व्हेंडर किंवा सिस्टिम विभाजनातली फाइल थेट बदलली तर व्हेरिफाइड बूटच्या, म्हणजे फोन सुरू होतानाच्या, तपासणीत ती पकडली जाऊन फोन सुरूच न होण्याचा धोका असतो. मॅजिस्क या रूट साधनाच्या मॉड्यूलने मूळ फाइलवर बदललेली प्रत पांघरणे त्यापेक्षा बरे.

आयएमईआयचा उल्लेख आलाच आहे तर एक फरक इथेच स्पष्ट करायला हवा. मॅक अ‍ॅड्रेस बदलणे ही जाळे चालवणाऱ्यांची जुनी, सरळ प्रथा आहे. आयएमईआय बदलणे अनेक देशांत गुन्हा आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगणाऱ्या मार्गदर्शकांपासून लांब राहावे.

बदलाची गरज तरी का पडते? ठोस कारणांपैकी एक म्हणजे जुळे पत्ते. कस्टम रॉमला, म्हणजे बाहेरून टाकलेल्या प्रणालीला, मूळ फाइल सापडली नाही की ड्रायव्हर पोटातला ठरीव पत्ता वापरतो, आणि तेच रॉम टाकलेल्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनवरही तोच पत्ता येतो. अशा दोन फोनांपैकी एकाचा हॉटस्पॉट दुसऱ्याला जोडता येत नाही, कारण पाठवणारा आणि घेणारा यांचा पत्ता एकच! दुसरे कारण अलीकडचे आणि अगदी उलट दिशेचे आहे. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, हॉटस्पॉटलाही कारखान्यातल्या पत्त्याऐवजी यादृच्छिक पत्ता देण्याची पद्धत आली. खासगीपणासाठी ते चांगलेच, पण पत्ता बदलला की विंडोज त्याच फोनला नवे जाळे समजू शकते, नावापुढे २ लावते आणि फायरवॉलचे नियम पहिल्यापासून विचारते, कारण जाळ्याची ओळख ती गेटवेच्या (इथे फोनच्या) मॅक अ‍ॅड्रेसवरूनही पटवते. त्यामुळे पूर्वी पत्ता बदलण्यासाठी रूट वापरणारे आता तो स्थिर ठेवण्यासाठी वापरताना दिसतात.

टेदरिंग मोबाइल कंपनीपासून लपवण्यासाठी मात्र या खटाटोपाचा काडीचा उपयोग नाही, आणि बहुतेक लोक नेमके त्याच आशेने इकडे वळतात. मॅक अ‍ॅड्रेस पुढच्या टप्प्यापर्यंतच जातो. लॅपटॉपचे पॅकेट फोनपाशी आले की वायफायची चौकट तिथेच गळून पडते, आणि मोबाइल जाळ्यावर जे जाते त्यात वायफायचा कोणताही पत्ता नसतो. कंपनीला टेदरिंग ओळखता येते ते इतर खुणांवरून. त्यातली सर्वांत प्रसिद्ध खूण टीटीएलची, म्हणजे पॅकेटवरच्या दर टप्प्याला घटणाऱ्या आकड्याची: फोनचे स्वतःचे पॅकेट ६४ ने निघते, लॅपटॉपचे पॅकेट फोनमधून पुढे जाताना एकने घटते, म्हणून विंडोजचे १२८ तिथे १२७ होऊन पोहोचते आणि लिनक्सचे ६४ होते ६३. काही फोन टेदरिंगसाठी वेगळे एपीएनही (मोबाइल जाळ्यात शिरण्याचे दार) वापरतात.

पत्त्याचा माग लागतो तो स्थाननिश्चितीच्या सेवांमुळे. गूगल आणि अ‍ॅपल यांच्याकडे बीएसएसआयडी आणि त्यांची ठिकाणे यांचे साठे आहेत, आणि जीपीएस नसलेला लॅपटॉप आसपासच्या बीएसएसआयडींवरून आपण कुठे आहोत ते ठरवतो. कायमच्या पत्त्याचा हॉटस्पॉट घेऊन फिरणाऱ्याचा लॅपटॉप त्यामुळे कधीकधी नव्या गावात बसून जुन्या गावाचा नकाशा दाखवतो. गूगलच्या साठ्यातून वगळून घ्यायचे असेल तर रूटही लागत नाही. हॉटस्पॉटच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर देऊन रोमन लिपीत ‘नोमॅप’ असे जोडले की पुरते.