राजकीय मुलाखतीतील देहबोली (कोकण)

दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत पुढाऱ्याची बसण्याची ढब, नजर, हातवारे, चेहऱ्यावरचे भाव आणि उत्तराआधी घेतलेला वेळ यांवरून प्रेक्षक त्याच्याविषयी मत बनवतात. कोकणात पुढारी असा डोळ्यांनी जोखण्याची सवय टीव्हीच्या आधीची आहे. दशावतार या इथल्या लोकनाट्यात नट संवाद आयत्या वेळी रचतो, पण राजा कोण आणि संकासुर राक्षस कोण हे त्याने तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकाला चालीवरून कळते.

राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांचे वक्तृत्व कोकणाने मैदानात अनुभवले. त्यांचे निधन जानेवारी १९७१ मध्ये झाले, तर मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच मतदारसंघाचे मधु दंडवते १९७१ ते १९९१ खासदार होते, आणि टीव्ही घरोघरी पोचला तो याच काळात. माध्यम बदलले तसे मापही बदलले. मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी हात उंच करावा लागतो, आवाज चढवावा लागतो. क्लोजअपमध्ये तोच हात अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. तिथे आवंढा गिळणे, खुर्चीच्या दांडीवर वाजणारी बोटे, प्रश्न चालू असतानाच आवळलेले ओठ एवढेही पुरते. म्हणून बोलतानाच्या चेहऱ्याइतकाच ऐकतानाचा चेहरा महत्त्वाचा.

मात्र दिसते ते सगळे त्याच क्षणीचे असते असे नाही. एकाच कॅमेऱ्यावर चित्रण असेल तर मुलाखतकाराचे प्रश्न आणि माना डोलावणे मागाहून टिपून संकलनात जोडतात. प्रेक्षकाला हे ठाऊक असायलाच हवे.

आपत्तीच्या वेळी हे मोजमाप अधिक कठोर होते. चिखलात उभा राहून बाइट (वाहिनीसाठी छोटी प्रतिक्रिया) देणारा मंत्री समोरच्या बाईकडे पाहतो की कॅमेऱ्याकडे, हे लोक विसरत नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक दिवस वीज नव्हती. ज्यांची घरे-वाड्या गेल्या त्यांच्याकडे टीव्ही बंद. पाहणीदौऱ्यातल्या पुढाऱ्यांविषयी मत बनत होते ते मुंबईतल्या चाकरमान्यांच्या घरात.

अभ्यासकांचे आवडते उदाहरण अमेरिकेतले आहे: २६ सप्टेंबर १९६० चा, अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांचा टीव्हीवरचा जाहीर वादविवाद. आजारातून उठलेले निक्सन पडद्यावर ओढलेले दिसले. पण रेडिओच्या श्रोत्यांना तेच जिंकल्यासारखे वाटले, या प्रसिद्ध दाव्याला भक्कम आधार नाही. ‘शब्दांचा प्रभाव फक्त ७ टक्के’ हे शिबिरांतून सांगितले जाणारे वाक्यही चुकीचे आहे. ज्यांच्या नावावर ते खपवले जाते त्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग भावना आणि आवडीनिवडी कशा पोचतात एवढ्यापुरते होते. धोरणावरच्या उत्तरांना ते लागू करणे गैर. ‘नजर चोरली म्हणजे खोटे बोलला’ हाही पक्का पुरावा नव्हे. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा माणसे खोटे-खरे सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ओळखतात, असे आढळले. आमदार ज्यांच्या लग्नकार्याला येतो, ज्यांच्या ग्रामसभेत बसतो, त्यांच्याकडे त्याला तपासायला दुसरे साधन असते. दिल्लीतल्या मंत्र्याच्या बाबतीत बहुतेकांकडे पडदाच उरतो.