ठाणे वेस्ट की ठाणे व्हेस्ट?

माझी भाची वर्तकनगरला राहते, मागे ऐरोलीला एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेली आणि पत्ता सांगताना "ठाणे व्हेस्ट" म्हणाली, समोरच्या बाईंनी परत विचारलं तर हिने परत तेच, फक्त जरा मोठ्याने. घरी आली ती हिरमुसूनच. मला फार वाईट वाटलं, कारण यात तिची काय चूक, आपल्याला शाळेत व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला एकच व शिकवतात आणि नंतर कुणी काही सांगतच नाही. (व्हेस्ट म्हणजे ब्रिटनमध्ये बनियन, अमेरिकेत सूटच्या आत घालतात ते बिनबाह्यांचं जाकीट.)

मग आम्ही दोघी आरशासमोर बसलो. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर हलकेच टेकवायचे आणि आवाज काढायचा, ओठाला गुदगुल्या झाल्यासारखं जाणवतं, आणि श्वास पुरेल तोवर तो आवाज लांबवता येतो. डब्ल्यूमध्ये दातांचा काही संबंधच नाही, ऊ म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करायचा आणि तिथून लगेच पुढच्या स्वरावर जायचं, म्हणजे वेस्ट हे पटकन म्हटलेलं ऊ-एस्ट. आपला मराठी व या दोघांच्या मधेच कुठेतरी, दात ओठाजवळ जातात पण घासत नाहीत, म्हणून इंग्रजी माणसाला तो कधी हा वाटतो कधी तो.

आणि खरं सांगू का, आपण मराठीत लिहिताना हा फरक आधीपासूनच करतो! व्हॅन, व्हिडिओ, टीव्ही, युनिव्हर्सिटी यात व्ह, पण वॉचमन, वायर, वेल्डिंग यात नुसता व. हिंदीवाले वीडियो लिहितात, आपण व्हिडिओ. म्हणजे स्पेलिंग आठवत नसेल तर शब्द मराठीत लिहून बघा, बहुतेक वेळा हात बरोबरच लिहितो. फक्त जिव्हाळामधल्या व्हसारखा ह सोडायचा नाही, इंग्रजी व्हीत ह नाहीये, नुसते दात आणि ओठ.

गावांच्या नावांवरून मात्र काही शिकायला जाऊ नका. वागळे इस्टेट डब्ल्यूने, त्याला लागूनच असलेलं वर्तकनगर व्हीने, वाशी व्हीने, वडाळा परत डब्ल्यूने, आणि आपण म्हणतो सगळीकडे तोच व. उलट वन म्हणजे एक, त्याचं स्पेलिंग ओने सुरू होतं तरी उच्चार डब्ल्यूचाच, म्हणून वन आणि व्हॅन हे सरावाला एकदम छान.

मला यात सगळ्यात आवडते ती वाइन आणि व्हाइनची गोष्ट. वाइन म्हणजे द्राक्षाची दारू, व्हाइन म्हणजे द्राक्षाचा वेल, दोन्ही मुळात लॅटिनमधले. लॅटिनमध्ये पूर्वी व्ही हे अक्षर डब्ल्यूसारखंच म्हणायचे, त्या काळात वाइन हा शब्द इंग्रजीच्या पूर्वज भाषेत आला म्हणून डब्ल्यू घेऊन आला. व्हाइन आला खूप नंतर, फ्रेंचमधून, तोवर तिकडे उच्चार बदलून व्ही झाला होता.

भाची आता रोज वेव्ह म्हणते, लाटेसाठीचा शब्द, सुरुवातीला चंबू आणि शेवटी दात. काल फोनवर म्हणून दाखवलान, एकदम स्वच्छ.