जागचे न हलता कमावलेली ताकद: आयसोमेट्रिक व्यायामाची पार्श्वभूमी

पाठ भिंतीला टेकवायची, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवायचे आणि तसेच थांबायचे. पहिली काही सेकंदे विशेष जाणवत नाही. मग मांड्या तापू लागतात, बघता बघता थरथरू लागतात, श्वास आपोआप कोंडला जातो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र एक माणूस भिंतीला टेकलेला दिसतो, इतकेच. सांधा हलत नाही आणि स्नायू मात्र जोर लावत राहतो, हाच आयसोमेट्रिक व्यायाम. शब्द ग्रीक मुळाचा, अर्थ ‘समान माप’. एकोणिसाव्या शतकात आडोल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तो स्नायूंच्या प्रयोगांसाठी रूढ केला. काटेकोरपणे पाहिले तर आतले स्नायुतंतू थोडे आखूड होतातच, कारण त्यांना हाडाशी जोडणारी कंडरा ताणली जाते. सांध्याचा कोन मात्र तोच राहतो.

हा शब्द प्रयोगशाळेतच असताना त्यामागची गोष्ट एका कैद्याने अंगावर घेतली होती. अलेक्झांडर झास, जन्म 1888, विल्नियसचा. पहिल्या महायुद्धात रशियाकडून लढताना तो ऑस्ट्रियाच्या ताब्यात सापडला. कोठडीत वजने कुठली असणार? होते ते गज आणि साखळ्या. तो गज धरून वाकवायचा प्रयत्न करी, साखळी ताणून धरी. लोखंड बहुतेक वेळा हलत नसे, पण शरीराचा कस लागत राही. युद्धानंतर तो ब्रिटनमध्ये ‘सॅमसन’ या नावाने ताकदीचे खेळ करून गाजला. फुगलेल्या दंडापेक्षा कंडरांची ताकद मोलाची, असे तो आवर्जून सांगे. त्याचे शरीरही तसे भीमकाय नव्हते, म्हणून बघणाऱ्यांना ते पटेही.

शास्त्राचा शिक्का बसला तो 1953 मध्ये. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या माक्स प्लांक संस्थेत हेटिंगर आणि म्युलर यांनी एक चकित करणारा निष्कर्ष मांडला. कमाल ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांश जोराने, दिवसातून एकदा, फक्त 6 सेकंद स्नायू आवळून धरला, तरी आठवड्याला सरासरी 5 टक्के ताकद वाढते! पुढच्या मोजमापांत वाढीचा हा वेग टिकला नाही. मुळात ज्याचा स्नायू वापरात नाही त्याची ताकद झपाट्याने वाढते, आधीच कसलेल्याची फारच हळू. पण ‘सहा सेकंद’ हे दोन शब्द सगळीकडे पोहोचले होते.

इथून पुढचा भाग मला या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि खेदाचाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले यॉर्क हे तेव्हा वेटलिफ्टिंगचे केंद्र होते. बॉब हॉफमन यांची बारबेल कंपनी तिथलीच. जॉन झिग्लर या डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली तिथले काही लिफ्टर पॉवर रॅकमध्ये, म्हणजे आडव्या पिना बसवता येणाऱ्या लोखंडी चौकटीत, सराव करू लागले. बार दोन पिनांच्या मध्ये ठेवायचा, थोडा उचलून वरच्या पिनेला भिडवायचा आणि काही सेकंद तिथेच रेटत राहायचे. बिल मार्च आणि लुई रिकी यांची ताकद डोळे दिपावेत इतकी वाढली. हॉफमन यांनी आपल्या मासिकातून या पद्धतीचा जोरदार प्रचार केला, रॅक आणि अभ्यासक्रम विकले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आयसोमेट्रिकची लाटच आली.

वाचकांना सांगितली गेली नाही ती गोष्ट म्हणजे डायनाबोल. सिबा कंपनीने 1950 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणलेले हे स्नायू वाढवणारे स्टेरॉइड झिग्लर त्याच लिफ्टरना देत होते. घरी प्रामाणिकपणे बार रेटणाऱ्यांच्या पदरात तसे यश पडणार नव्हते, आणि पडलेही नाही. गोळीची बातमी फुटली तसा लोकांचा रॅकवरचा विश्वासही उडाला. माझ्या मते हा पद्धतीवरचा अन्याय होता. खोटी होती ती जाहिरात. स्थिर जोराने ताकद वाढते, हे तेव्हाही खरेच होते.

या पद्धतीची खरी मर्यादा वेगळी आहे. ज्या कोनात जोर लावला, त्या कोनाच्या आसपासच ताकद जास्त वाढते. कोपर काटकोनात ठेवून सराव केला, तर हात जवळजवळ सरळ असताना फायदा बराच कमी मिळतो. स्नायू ताणलेल्या स्थितीत सराव केल्यास हा फायदा जास्त कोनांत पसरतो. म्हणूनच आजचे प्रशिक्षक बार जिथे अडकतो नेमक्या त्याच उंचीवर तो रेटायला लावतात, किंवा एकाच हालचालीसाठी दोन-तीन कोन निवडतात. सांधा हलवायची मनाई असताना स्नायू अगदीच गळू नयेत म्हणून फिजिओथेरपीत ही पद्धत टिकली, ती शांतपणे, जाहिरातीशिवाय.

रक्तदाबाच्या बाबतीत तर पारडेच फिरले. मूठ घट्ट आवळून धरली की रक्तदाब भराभर चढतो, हे लिंड या संशोधकाच्या 1960 च्या दशकातल्या अभ्यासांनी दाखवले होते. त्यामुळे हृदयरुग्णांना असा जोर लावू नका असेच सांगितले जाई. 1992 मध्ये वायली हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमाल पकडीच्या 30 टक्के जोराने, 2 मिनिटे, 4 वेळा, आठवड्यातून 3 दिवस असा सराव करून घेतला. काही आठवड्यांत विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब उतरला. 2023 मध्ये 270 चाचण्यांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात विश्रांतीचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे 8 आणि खालचा 4 अंकांनी कमी करून आयसोमेट्रिक व्यायाम बाकी प्रकारांच्या पुढे राहिला. त्यातही भिंतीला टेकून बसणे सर्वांत प्रभावी दिसले.

या प्रयोगांत जोर कमाल नसतो. गुडघा किती वाकवायचा हे ज्याचे त्याचे ठरवले जाते, फेऱ्यांच्या मध्ये विश्रांती असते, आणि श्वास न कोंडता चालू ठेवायचा असतो. ज्यांचा रक्तदाब आधीच खूप वाढलेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, कारण जोर लावत असताना तो आजही तसाच चढतो.