गाठ वृषणात, छेद जांघेत

"सुई लावू देऊ नका, कॅन्सर पसरतो." हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि त्यापायी कित्येक स्त्रिया स्तनातल्या गाठीची बायॉप्सी लांबवत राहतात. बहुतेक अवयवांच्या बाबतीत या भीतीला आधार नाही. मात्र एका अवयवाला डॉक्टर स्वतःहूनच शक्यतो सुई लावत नाहीत, तो म्हणजे पुरुषाचं वृषण. तिथे टणक गाठ लागली की सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होते. संशय बळावला, तर तुकडा न काढता अख्खं वृषण काढून पॅथॉलॉजीकडे पाठवतात. तेही खालच्या पिशवीवर छेद देऊन नाही, तर वर जांघेतून. गाठ खाली असताना टाके वर का, हा प्रश्न रुग्णाला पडतोच. त्याचं उत्तर गर्भावस्थेत आहे, आणि शरीररचनेतलं इतकं देखणं उत्तर मला दुसरं माहीत नाही.

वृषण तयार होतं ते पोटात, पाठीकडच्या भिंतीला लागून, मूत्रपिंडाच्या शेजारी. त्याला रक्त पुरवणारी धमनीही तिथेच महाधमनीतून फुटते. सातव्या महिन्याच्या सुमारास वृषण जांघेतल्या अरुंद बोगद्यातून खाली उतरतं आणि बहुतेक मुलांमध्ये जन्माआधी पिशवीत पोचतं. नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या माणसाचं रेशनकार्ड गावीच राहावं, तसे त्याचे सगळे व्यवहार मात्र वरच राहतात. धमनी, शीर, चेतातंतू आणि लसिकावाहिन्या त्याच्यामागे लांबत जातात, पण त्यांची मुळं जागा सोडत नाहीत. म्हणून डाव्या वृषणाची शीर आजही डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, उजव्याची थेट महाशिरेला. मुतखड्याची कळ कमरेतून निघून वृषणापर्यंत उतरते, तीही या जुन्या शेजारामुळेच.

आता लसिकेकडे पाहू. पेशींभोवतीचा जादा द्रव वाहून नेणाऱ्या या वाहिन्या वाटेत लसिकाग्रंथींमधून गाळल्या जातात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ती सुजलेली लसिकाग्रंथीच असते. पिशवीच्या कातडीची लसिकाही जांघेतल्या याच ग्रंथींकडे जाते, कारण ती कातडी मूळची तिथलीच. वृषणाची लसिका मात्र जांघेतल्या ग्रंथींना वगळून थेट पोटात, महाधमनीच्या कडेच्या ग्रंथींकडे चढते. दोन अवयव एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांचे निचऱ्याचे मार्ग वीतभराहून अधिक अंतराने वेगळे! वृषणाचा कॅन्सर पसरतो तो या वरच्या मार्गाने, ठरलेल्या ठिकाणी. पिशवी कापली किंवा तिच्यातून सुई घातली, तर त्याला जांघेचा दुसरा मार्ग उघडून मिळू शकतो. म्हणून सर्जन जांघेत छेद देऊन आधी वृषणरज्जू, म्हणजे वृषणाच्या धमनी-शिरा-लसिकावाहिन्यांचा दोर, चिमट्यात धरतात, मग वृषण खालून वर ढकलून बाहेर काढतात आणि रज्जू पोटाच्या तोंडाशी बांधून तोडतात. चुकून पिशवीवर छेद गेलाच, तर जागीच पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण थोडं वाढतं. जगण्याच्या शक्यतेत मात्र फरक आढळलेला नाही, त्यामुळे असं झालेल्या रुग्णाने हाय खाऊ नये.

बीजपेशींचा प्रवास तर याहून आधीचा. शुक्रजंतू ज्यांच्यापासून बनतात त्या पेशी गर्भाच्या बाहेर, पीतकपिशवी (योक सॅक) या गर्भाला जोडलेल्या पिशवीच्या भिंतीत दिसू लागतात आणि शरीराच्या मध्यरेषेतून सरकत वृषणाच्या जागी येतात. काही पेशी वाटेतच मागे राहत असाव्यात, असं मानलं जातं. त्यामुळे वृषण धडधाकट असतानाही या पेशींपासून होणारी, वृषणातल्यासारखीच गाठ दोन फुप्फुसांच्या मधे उगवू शकते. 2011 चा विश्वचषक गाजवणाऱ्या युवराज सिंगला नेमकी अशीच गाठ झाली होती. 2012 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला केमोथेरपी घेऊन तो बरा झाला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी 1974 मध्ये सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने वृषणाच्या कॅन्सरवर वापरायला सुरुवात केली आणि या रोगाचं चित्रच पालटलं. आज वेळेत आलेले 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात.

शस्त्रक्रिया साधारण तासाभराची. भूल पूर्ण किंवा कमरेतून. बरेच जण त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी जातात. काही दिवस सूज असते, पिशवी काळीनिळी दिसते. जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, कारण तिथला चेतातंतू छेदाच्या वाटेत असतो. तो बहुधा हळूहळू ओसरतो. घट्ट आधार देणारी अंतर्वस्त्रं वापरावीत आणि काही आठवडे वजन उचलू नये. पिशवी रिकामी दिसण्याचा संकोच वाटत असेल, तर सिलिकॉनचं कृत्रिम वृषण बसवता येतं. हे आधीच विचारून ठेवावं. मुलं हवी असतील, तर शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वीच वीर्य गोठवून ठेवावं. पुढे केमोथेरपी लागू शकते, आणि संकोचामुळे हा विषय अनेकदा निघतच नाही.

यानंतर रक्ततपासण्या होत राहतात. गरोदरपणाच्या चाचणीत शोधतात तेच एचसीजी हे हार्मोन काही गाठी तयार करतात, तर काही एएफपी नावाचं प्रथिन. गाठ गेल्यावर एचसीजीची रक्तातली पातळी दर दीड दिवसात निम्म्यावर यायला हवी, एएफपीची दर पाच ते सात दिवसांत. त्या वेगाने ती उतरली नाही, तर गाठीचा अंश शरीरात दुसरीकडे आहे असं समजतं.

"पुरुषत्व जाईल का?" एक वृषण गेल्याने जात नाही. उरलेलं निरोगी असेल तर ते बहुतेकांना पुरेसं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू पुरवतं. थोड्यांना हार्मोन बाहेरून द्यावं लागतं. भीती येते ती दोन्ही वृषणं काढण्याच्या शस्त्रक्रियेशी गल्लत केल्याने. ती प्रामुख्याने पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी होते, कारण त्या पेशी टेस्टोस्टेरॉनवर पोसतात. हे 1941 मध्ये दाखवून देणाऱ्या चार्ल्स हगिन्स यांना 1966 चं नोबेल मिळालं. तिथे वृषणात गाठ नसल्याने छेद पिशवीवरच देतात. कामेच्छा ओसरणं, अंगातून गरम वाफा येणं, स्नायू आणि हाडं कमकुवत होणं, याची तयारी त्या रुग्णाला ठेवावी लागते.

खरा घात होतो तो उशिराने. हा कॅन्सर मुख्यतः 15 ते 40 या वयातला, आणि गाठ सहसा दुखत नाही. लाजेपोटी तरुण मुलगा कोणाला सांगत नाही, आणि मग भिंतीवरची जाहिरात वाचून 'गुप्तरोगतज्ज्ञा'कडून लेप नाहीतर ताकदीच्या पुड्या आणतो. कोणत्याही लेपाने वृषणातली गाठ विरघळत नाही. या भोंदूंनी खाल्लेले महिने रोग पोटातल्या ग्रंथींपर्यंत पोचायला पुरतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या हत्तीरोगाच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. हत्तीरोगात पिशवीत पाणी साठतं, त्यामुळे तिथे पिशवी वाढली की "पाणी झालंय" असं घरीच ठरतं. पाण्याची पिशवी टॉर्चच्या प्रकाशात उजळते, भरीव गाठ उजळत नाही. पण पाण्याच्या आड गाठ लपलेली असू शकते, त्यामुळे टॉर्चवर न थांबता सोनोग्राफी करून घ्यावी.