कुळागर

कुळागर म्हणजे गोव्यात डोंगराच्या पायथ्याला, बारमाही पाण्याच्या कडेनं केलेली बागायत, आणि तिच्यातच मालकाचं घर, गोठा, विहीर सगळं. फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत जास्त, फोंड्यातल्या सावईवेरे-केरीकडे गेलात तर रस्त्यावरनंच दिसतात.

बाहेरून बघणाऱ्याला जंगल वाटतं, पण एकही झाड उगाच नसतं. वर माड, त्याखाली पोफळी (सुपारीची झाडं), पोफळीवर चढवलेली मिरी नाहीतर पानवेल, मधे जायफळ, केळी, कडेला फणस नि भिरंड (आपलं कोकम), आणि जमिनीवर अननस, हळद, आलं, सुरण, अळू. पोफळीच्या खोडाला दुपारचं पश्चिमेचं ऊन लागलं तर साल भाजते म्हणून त्या बाजूला सावलीची झाडं ठेवतात, कोवळ्या रोपाला तर केळीचीच सावली. नवीन लागवडीत दोन पोफळींमधे साधारण 2.7 मीटर अंतर सांगतात, जुन्या कुळागरांत असं मोजूनमापून काही दिसत नाही. पोफळीला फळ धरायला 5 ते 7 वर्षं लागतात, म्हणजे लावणाऱ्याला घाई असून चालत नाही.

खरा जीव पाण्यात आहे. डोंगरातल्या झरीचं पाणी पाटानं आणून उताराउतारानं झाडांच्या बुंध्याशी सोडायचं, पंप नको की वीज नको, पण पावसाळा संपला की पाट साफ करायचे, बांध घालायचे, आणि वरच्यानं जास्त पाणी ओढलं की खालच्याशी भांडण ठरलेलं. खत म्हणजे शेण आणि झाडांचाच पाचोळा. पावसाळ्यात मात्र कोळेरोग येतो, बुरशीनं कोवळ्या सुपाऱ्या गळून पडतात, त्यावर चुना नि मोरचुदाचं बोर्डो मिश्रण मारावं लागतं, तेही पाऊस थांबल्याची वेळ साधून.

आता लोक याला ‘स्वयंपूर्ण’ म्हणतात ते अर्धंच खरं. नारळ, केळी, मसाला, सोलं (वाळवलेली भिरंडं), भिरंडेल (भिरंडीच्या बियांचं तेल, टाचांच्या भेगांना लावतात) घरचं, पण भात पिकतं खालच्या शेतात, काजू वरच्या डोंगरउतारावर, आणि मीठ, सुकी मासळी, कपडा विकतच. म्हणून पावसाच्या आधी ‘पुरुमेंत’ म्हणजे चार महिन्यांची बेगमी करायची पद्धत, आणि त्याला लागणारा पैसा यायचा सुपारीतून. सुपारी उन्हात दीड महिनाभर वाळवून सोलायची, मग विकायची. कुळागर तगलं ते या नगदी पिकामुळे, सगळं घरी पिकायचं म्हणून नव्हे.

चढणारा माणूस ही दुसरी गरज. एका पोफळीवरनं झोका घेऊन दुसरी धरणारे गडी आता फार राहिले नाहीत, नारळ पाडणारा पाडेली चार दिवस आधी सांगून ठेवावा लागतो, आणि तो यायच्या आत माकडं येऊन कोवळे नारळ फोडून टाकतात.